चाल आली, पेटी राहिली

मेलडी आणि हार्मनी यांत नेमका फरक कोणता, आणि नाशिकच्या पंचवटीत गायला शिकलेल्या बाईला तो स्वीडनमध्ये जाऊन का शिकावा लागला, हा या लेखाचा प्रश्न आहे. मागे राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांसाठी तो लिहिते आहे. मी गंगापूर रोडवरच्या एका शाळेत गणित शिकवत असे. त्यामुळे व्याख्येपासून सुरुवात करणे मला सोपे गेले असते. पण या गणिताची पहिली पायरी एका वजनकाट्यावर आहे.

आम्ही स्वीडनला निघालो त्या सकाळी आमच्या गल्लीत टॅक्सी शिरली नाही. ती कोपऱ्यावर उभी होती. नवरा एकेक बॅग काट्याला लावून पाहत होता आणि मी पेटी कशी बसवता येईल याचा विचार करत होते. ती पेटी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. अंबडच्या कारखान्यातली कारकुनी संपवून ते संध्याकाळी घरी आले की गल्लीतल्या भजनी मंडळात तीच वाजवत. काटा पाहून नवऱ्याने मान हलवली. तेव्हा अण्णा म्हणाले, "पेटी राहू दे इथंच. चाल घेऊन जा. चालीला वजनकाटा लागत नाही."

आई म्हणाली, "आणि चकल्यांना लागतो का? मग त्या का काढल्या बाहेर?"

चाल म्हणजेच मेलडी. एक सूर संपतो, दुसरा येतो, आणि त्या ओळीतून एक आकृती तयार होते. भजनी मंडळात बुवा ओळ म्हणत, बाकीचे तीच ओळ उचलत आणि अण्णांची पेटी आवाजाच्या मागोमाग चाले. गाणारे पुष्कळ, पण चाल एकच. मला गायला बसवताना अण्णांनी एकच नियम सांगितला होता : "शेजारच्याचा सूर ऐक आणि त्यात मिसळ. वेगळी ऐकू आलीस, तर चुकलीस."

हा नियम मी इतका नीट पाळला की स्वीडनमध्ये तोच आडवा आला.

तिथे पहिल्या वर्षी मला नोकरी नव्हती. भाषा अर्धवट असल्यामुळे शाळेत शिकवायला उभी राहू शकत नव्हते. नवरा कामावर गेला की दिवसभरात मला नावाने हाक मारणारे कोणी नसे. गावातल्या कॉयरमध्ये, म्हणजे समूहगायनाच्या मंडळात, कोणालाही घेतात असे कळले तेव्हा मी गेले. तिथे मला नाव मिळाले, खुर्ची मिळाली, आणि मध्यंतरात कॉफी मिळाली. त्या कॉफीला तिकडे फिका म्हणतात. ती चुकवणे असभ्य समजतात.

कॉयर चालवणाऱ्या इन्ग्रिडबाईंनी माझा आवाज तपासून मला आल्टोमध्ये बसवले. उंच आवाजाच्या बायका म्हणजे सोप्रानो. त्या गाण्याची मुख्य चाल गातात. त्याच वेळी, तेच शब्द आल्टो मात्र खालच्या, वेगळ्या सुरांवर गातात. हीच हार्मनी. फळ्यावर मांडायचे तर मेलडी आडवी लिहिली जाते आणि हार्मनी उभी रचली जाते, बेरजेच्या आकड्यांसारखी एकाखाली एक. आपल्याकडे तंबोऱ्याचा षड्ज सतत सोबत असतो, म्हणजे दोन सूर एका वेळी ऐकणे आपल्याला नवे नाही. पण तो षड्ज जागचा हलत नाही. इथे दोन्ही ओळी चालत्या होत्या.

सोप्रानोंनी तोंड उघडले की मी दोन ओळींत त्यांच्या चालीत जाऊन मिळायची. मुद्दाम नव्हे, कानच तिकडे ओढला जाई. शेजारी बसणारी ब्रिट कोपराने ढोसून विचारी, "पुन्हा सोप्रानोंकडे फिकाला गेलीस का?" सगळ्या हसत, मीही हसे. इन्ग्रिडबाई मात्र एके दिवशी हसल्या नाहीत. "तू फार चांगलं ऐकतेस, अडचण तीच आहे," त्या म्हणाल्या. "वसंत ऋतूतल्या कार्यक्रमापर्यंत तुझी ओळ टिकली नाही, तर त्या दिवशी तुला समोरच्या खुर्च्यांवर बसावं लागेल." सोप्रानोंचे उंच सूर माझ्या गळ्यात नव्हते. म्हणजे आल्टो जमले नाही, तर पुन्हा प्रेक्षक. त्या गावात मी वर्षभर प्रेक्षकच होते.

मी अण्णांना व्हिडिओ कॉल लावला आणि माझी ओळ गाऊन दाखवली.

"ही कसली चाल?" अण्णा म्हणाले. "एका पायरीवर बसून राहिलीय. हिला कुठं जायचंच नाही का?"

"वरची चाल दुसऱ्या बायका गातात, अण्णा. ही तिच्याखाली."

"मग तू त्यांच्या सुरात का जात नाहीस?"

"जाते ना. तीच तर चूक आहे."

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "आयुष्यभर 'मिसळून गा' म्हणून पोरीच्या मागं लागलात. आता तुम्हीच निस्तरा!"

अण्णांनी निस्तरायचे ठरवले. मी सोप्रानोंची चाल सरगममध्ये सांगितली, त्यांनी ती पेटीवर बसवली, आणि ती वाजत असताना मी माझी ओळ गायची असे ठरले. जमले नाही. त्यांचा सूर माझ्यापर्यंत उशिरा पोहोचे, माझा त्यांच्यापर्यंत त्याहून उशिरा. आणि दोघांचे सूर एकत्र झाले की फोन एकाचा आवाज कापून टाकी. आळीपाळीने गायलो तर सगळे स्पष्ट ऐकू येई. एकत्र गायलो की विसकटे.

शेवटी अण्णांनी वेगळा मार्ग सांगितला. "तुझी ओळ ही कशाच्या तरी खालची आहे, हे विसर. तीच चाल समज. भजनासारखी पाठ कर, घासूनपुसून. मग त्या बायका काय गातात ते ऐक, पण पाहुणी म्हणून ऐक. राहायला जाऊ नकोस."

मी ती ओळ भांडी घासताना गायले, बर्फातून चालताना गायले. काही आठवड्यांनी ती मला खरेच चाल वाटू लागली. तिला स्वतःची चढण आणि उतरण होती, फक्त लहान. त्यानंतरच्या एका तालमीत सोप्रानोंनी तोंड उघडले आणि मी जागची हलले नाही. सोप्रानो पंचमावर थांबल्या होत्या, मी त्याखालच्या गंधारावर. दोन सुरांमधली बारीक थरथर एकदम शांत झाली आणि आमच्यापैकी कोणीच गात नसलेले असे काहीतरी खोलीत भरून राहिले. ब्रिटने ढोसायला कोपर उचलले होते, ते तिने खाली घेतले. वसंत ऋतूतल्या कार्यक्रमात मी आल्टोच्या रांगेत उभी होते.

गेल्या भेटीत पंचवटीतल्या घरी संध्याकाळी अण्णांनी पेटी उघडली. आईने भजन सुरू केले, मीही तिच्याबरोबर तीच चाल धरली. ओळ पंचमावर येऊन विसावली तेव्हा मी मात्र गंधारावर थांबले. आई गाता गाता थबकली. "चुकलीस का गं?"

अण्णांनी पेटीचा भाता थांबवला नाही. "चुकली नाही," ते म्हणाले. "तू थांबू नकोस. ती तिच्या जागेवर आहे."

आईने पुन्हा पंचम लावला. अण्णांचा षड्ज, माझा गंधार, तिचा पंचम. तिघांचे सूर एकाच क्षणी भिंतीवर जाऊन परत आले.

तेव्हा माझे उत्तर पूर्ण झाले. मेलडी एकट्याने नेता येते. अण्णा म्हणाले तसे तिला वजन नसते, आणि ती मी कुठेही गाऊ शकते. हार्मनीला मात्र दुसरा माणूस त्याच क्षणी, त्याच हवेत असावा लागतो, आणि प्रत्येकाला आपली जागा माहीत असावी लागते. आता घर म्हणजे माझ्या लेखी हेच : जिथे समोरच्याचा सूर उशीर न होता पोहोचतो. अशी जागा मला पंचवटीत आहे, आणि ब्रिटच्या शेजारीही आहे.

यावर विश्वास ठेवण्याची घाई करू नका. दूर असलेल्या आपल्या माणसाला फोन लावा आणि दोघे मिळून एखादे गाणे म्हणा. मग तो माणूस घरी येईल तेव्हा एकाने षड्ज धरावा, दुसऱ्याने गंधार, आणि दोघांनीही आपली जागा सोडू नये. फरक तुमच्या कानांनी तपासून पाहा.