मुलाणी मास्तरांची झोप

माझा वर्ग आणि मुलाणी मास्तरांचा वर्ग यांच्यामधे फळ्यांचं एक पार्टिशन होतं. पार्टिशन कसलं, नुसती समजूत. पलीकडे कुणी शिंकलं की अलीकडे माझी पोरं हसायची. मी गणिताचा माणूस, मला शांतता लागते. आणि माझ्या नशिबी शेजारी आलं इंग्रजी.

तेही साधंसुधं इंग्रजी नव्हे. चाँदभाई मुलाणी मूळचे वडगावचे. पुण्याला शिकले आणि येताना नवी पद्धत घेऊन आले. शब्दाचा अर्थ मराठीत सांगायचा नाही, करून दाखवायचा. 'आय ओपन द डोअर' म्हणत दार उघडायचं, 'आय जंप' म्हणत उडी मारायची. त्यांनी पहिली उडी मारली तेव्हा माझ्या फळ्याखालचा खडू गडगडत बाकांखाली गेला. मी पार्टिशनवर थाप मारून म्हणालो, "अहो मुलाणी, इथे माणसं राहतात!" पलीकडून आवाज आला, "सॉरी, दत्तोबा!" आणि लगेच दुसरी उडी. असा माणूस.

ही गोष्ट एकोणीसशे तीसनंतरच्या सालांतली. आमची शाळा एका संस्थेची. संस्थेच्या शाळा ठिकठिकाणी होत्या, लोणावळ्यापासून पार इंदापूरकडच्या खेड्यांपर्यंत. लोणावळ्याची शाळा मानाची, कारण रेल्वेतल्या नोकऱ्यांमुळे इथे इंग्रजीला किंमत. इंदापूरकडची शाळा म्हणजे शिक्षा. ऊन, धूळ आणि प्यायच्या पाण्याची मारामार. आमच्या ड्रिल मास्तरांनी हेडमास्तरांना उलट उत्तर दिलं, तर त्यांना तिकडेच धाडलं होतं.

आणि मुलाणी मास्तरांना तिकडेच जायचं होतं.

कारण घरात होतं. त्यांच्या बायकोला, जैनबभाभींना, दमा होता. लोणावळ्याची हवा बंगलेवाल्यांना मानवते, दमेकऱ्याला नाही. धुकं घरात शिरतं, भिंती ओल धरतात, वाळत घातलेलं लुगडं तसंच दमट राहतं. भाभींना आडवं पडलं की श्वास कोंडायचा. मी एकदा दिवेलागणीला त्यांच्याकडे गेलो होतो. पाहतो तर दोघं जमिनीवर पाठीला पाठ लावून बसलेले. भाभींची मान पुढे लवलेली, डोळा लागलेला, आणि मास्तर हलायला नको म्हणून ताठ. त्यांनी मला खुणेनेच बसायला सांगितलं. नंतर कळलं की रात्रीही असंच. उशी दिली तर सरकते, भिंत गार लागते, म्हणून माणसाची पाठ. बाई वर्षानुवर्षं आडवी झोपली नव्हती आणि हा माणूसही नाही.

डॉक्टर म्हणाले होते, कोरड्या हवेत न्या. मास्तरांनी बदलीचा अर्ज दोनदा केला, दोनदा तो परत आला. इंग्रजीचा मास्तर लोणावळ्यातून सुटत नसतो. हेडमास्तर म्हणाले, "इन्स्पेक्टरसाहेब भाद्रपदात शाळा तपासायला येतायत. त्यांना खूश करा आणि मग मागा. त्यांच्या एका शब्दाचं काम आहे."

झालं! मुलाणी मास्तर तयारीला लागले. धडा कुठला निवडावा? झोपेचा. पार्टिशनच्या अलीकडे बसून तो मलाही पाठ झाला. इंग्रजीत झोप लागण्याच्या किती तऱ्हा! बसल्या बसल्या मान पडते ते 'नॉड ऑफ'. "अंथरुणावर पडलेला माणूस नॉड ऑफ होत नाही," मास्तर पोरांना बजावत, "मान पडायला आधी ती उभी हवी." दुपारी वाचता वाचता नकळत डोळा लागतो तो 'डोझ ऑफ'. विचार विरत विरत हळूहळू झोप येते ती 'ड्रिफ्ट ऑफ'. आणि डोकं टेकलं न टेकलं तोच माणूस गेला, ते 'ड्रॉप ऑफ'. भुशी गावचा अंबाजी नावाचा एक मुलगा 'आय स्लेप्ट ॲट वन्स' म्हणाला, तर मास्तरांनी त्याला थांबवलं. "स्लेप्ट म्हणजे झोप काढली. झोप लागली म्हणायचंय ना? मग फेल अस्लीप. काढणं तुझ्या हातात आहे, लागणं नाही."

आता हे करून दाखवायचं म्हणजे काय? खुर्चीत बसून मान टाकायची, मग टेबलावर डोकं ठेवून घोरायचं. पोरं खूश. मी इकडे अपूर्णांक शिकवतोय आणि पलीकडे मास्तर रोज चार प्रकारे झोपतायत. मी म्हटलं, देवा, मला उचल.

इन्स्पेक्टर आले तो दिवस. आदली रात्र भाभींना फार जड गेली होती. मास्तरांचे डोळे तांबडे झालेले मी सकाळीच पाहिले. दुपारच्या तासाला त्यांनी धडा सुरू केला. नॉड ऑफ झालं, डोझ ऑफ झालं, ड्रिफ्ट ऑफ झालं. मग "नाऊ, ड्रॉप ऑफ," असं म्हणून त्यांनी टेबलावर डोकं ठेवलं. आणि घोरणं सुरू झालं.

थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की हे रोजचं घोरणं नव्हे. रोजच्या घोरण्याला पोरं हसायची. आज वर्ग चिडीचूप. उठून जाऊन त्यांना हलवावं म्हणून मी दाराशी गेलो, तर व्हरांड्यातून हेडमास्तर आणि इन्स्पेक्टर येतच होते. पुढे काय करणार, कप्पाळ! मी मुकाट्याने फळ्याकडे वळलो आणि कान मात्र पार्टिशनला.

साहेबांचा आवाज आला, हे काय चाललंय? मग अंबाजीचा आवाज. "सर, अवर टीचर इज शोइंग ड्रॉप ऑफ." दुसरा कुणी म्हणाला, "नॉट नॉड ऑफ, सर. हिज हेड इज ऑन द टेबल." मग काय विचारता! सगळा वर्ग उठला. एकाने मान टाकून दाखवली, एकाने पुस्तक तोंडावर घेऊन, एकाने हळूहळू डोळे मिटून. साहेब उलटसुलट विचारत होते आणि पोरं एकही चूक करत नव्हती. शेवटी साहेब इतक्या मोठ्याने हसले की मास्तर दचकून उठले. साहेबांना तोही अभिनयच वाटला. त्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

तास सुटल्यावर आम्ही सगळे हेडमास्तरांच्या खोलीत जमलो. हौशीराम शिपायाने चहा आणला. साहेब म्हणाले, असा इंग्रजीचा धडा मी पुण्यातही पाहिला नाही. मास्तरांनी हीच वेळ साधली. बायकोचं दुखणं सांगितलं, डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं, इंदापूरकडची बदली मागितली.

"तुम्हाला? तिकडे?" साहेबांनी कप खाली ठेवला. "तिथे ढोरं वळणाऱ्या पोरांना हे शिकवणार? छे, छे. कुटुंबाला महिना-दोन महिने नातेवाइकांकडे पाठवा. मी आहे तोवर तुम्ही लोणावळ्यातून हलत नाही. शेऱ्यातच लिहितो तसं."

घ्या! पोरांनी जीव तोडून मास्तरांना वाचवलं आणि त्यांच्याच पायात बेडी ठोकली. साहेब लेखणी शोधत होते. मास्तर काही वेळ त्यांच्या हाताकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "साहेब, एक सांगायचंय. मी दाखवत नव्हतो. मला खरंच झोप लागली होती."

हेडमास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. साहेब हसले. "विनयाची हद्द झाली, मुलाणी."

"विनय नाही, साहेब. मुलं माझ्यावरच्या मायेपोटी खोटं बोलली. वर्गावर झोपलो होतो मी. दत्तोबांना विचारा, ते पार्टिशनपलीकडे असतात."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मीही आधी नाहीच म्हणणार होतो. सोबतचा माणूस बुडत असताना दुसरं काय म्हणणार? वर्गावर झोपणाऱ्याला संस्था घरीही बसवू शकत होती. पण मास्तर माझ्याकडे बघत होते, आणि मला दिवेलागणीची ती ताठ पाठ आठवली. मी म्हणालो, "घोरत होते, साहेब. चांगलेच. माझ्या पोरांचे अपूर्णांक चुकले."

साहेबांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. आपल्याला पोरांनी बनवलं आणि आपण टाळ्या पिटल्या, हे त्यांना जास्त झोंबलं असावं. लेखणी सापडली. शिक्षा म्हणजे इंदापूर, मग ते मास्तरांनीच मागितलं होतं हे रागात कुणाला आठवतंय! शेरा लिहिला गेला: कामावर झोपतात, बढती रोखावी, इंदापूरकडच्या शाळेत ताबडतोब पाठवावं.

जायच्या दिवशी अंबाजी स्टेशनवर आला होता. रागाने फुगलेला. "मास्तर, आमी तुमास्नी वाचवलं, आन तुमीच सांगून टाकलं व्हय?" मास्तरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तुझं वाक्य बिनचूक होतं रे," ते म्हणाले. मी बाजूला घेऊन विचारलं, "नोकरीच गेली असती तर?" म्हणाले, "तर हमाली केली असती. इथे ती आणखी एक पावसाळा जगली नसती, दत्तोबा."

पुढे पार्टिशनपलीकडे एक शांत गृहस्थ आले. मराठीत अर्थ सांगायचे, जागेवरून उठायचे नाहीत. हवी होती ती शांतता मिळाली आणि मला ती खायला उठली. खोटं कशाला बोलू, मुलाण्यांची फार आठवण यायची.

दोनेक वर्षांनी परीक्षेच्या देखरेखीसाठी माझी इंदापूरकडे रवानगी झाली. वाट वाकडी करून त्यांच्या खेड्यात गेलो. भर दुपार, ऊन असं की वहाणेतून चटके बसावेत. घर सापडलं. मास्तर उंबऱ्यावर बसून कोंबड्या हाकलत होते, आवाज न करता, नुसता हात हलवून. मी लांबूनच ओरडलो, "अहो मुलाणी!" तसे ते धडपडत उठले आणि ओठांवर बोट ठेवलं.

मी जवळ गेलो, दारातून आत पाहिलं. भाभी बाजेवर झोपल्या होत्या. आडव्या, पाय लांब सोडून, एक हात बाजेवरून खाली लोंबत असलेला. उशीसुद्धा नव्हती. छाती संथ वर-खाली होत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गणिताच्या मास्तराला शोभत नाही, पण आलं.

"कधीपासून?" मी कुजबुजत विचारलं. म्हणजे ही सुधारणा कधीपासून, असं मला म्हणायचं होतं. मास्तरांना तेवढं ऐकून घ्यायचा धीर कुठला! त्यांनी माझा दंड धरला आणि पोरांना शिकवताना करायचे तसा एकेक शब्द सुटा करत, पण अगदी हळू, म्हणाले, "शी हॅज ड्रॉप्ड ऑफ."

मी वहाणा काढल्या आणि त्यांच्या शेजारी उंबऱ्यावर बसलो. त्या जाग्या होईपर्यंत आम्ही दोघंही काही बोललो नाही.