वाढत्या मापाचा कॉम्प्युटर

म्हैसूरच्या अग्रहारात सत्यनारायण शिंप्यांचं दुकान आहे. शाळेचे युनिफॉर्म शिवण्यात त्यांची हयात गेली. मुलाचं माप घेताना ते आईला न विचारताच दोन बोटं कापड जास्त धरत. पोर वाढणार, बाही आखूड होणार, आई पुन्हा दारात येणार. त्यापेक्षा आधीच वाढत्या मापाचं शिवलेलं बरं. त्यापायी अग्रहारातल्या कितीतरी पोरांनी शाळेचं पहिलं वर्ष बाह्या दुमडून काढलं, आणि सत्यनारायणांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

माणूस मोठा चौकस. दुकानासमोर कोणी गाडीचं बॉनेट उघडलं की हे कात्री ठेवून आत डोकवायला हजर. त्यामुळे लेकीनं, काव्यानं, कॉम्प्युटरवर कपडे बेतायला सुरुवात केली तेव्हा सगळ्यात जास्त नवल त्यांनाच. पडद्यावर एक बाहुली उभी असे. काव्या पाठ, पुढचा भाग, बाह्या वेगवेगळ्या बेतायची, आणि बटण दाबलं की आपोआप शिवण बसून झगा बाहुलीच्या अंगावर उतरायचा. ना सुई, ना दोरा. कापड सुती की रेशमी हे त्या यंत्राला कसं कळतं, असं ते रोज विचारत. पण कॉम्प्युटर जुना. बटण दाबून काव्या कॉफी करून यायची, तरी झगा बाहुलीच्या गळ्यातच अडकलेला असायचा. कधी पडदाच काळा पडायचा आणि सकाळपासूनची मेहनत वाया जायची.

नवा घ्यायचा हे ठरलं होतं. कधी घ्यायचा, एवढंच ठरत नव्हतं.

त्याच रस्त्यावर रक्षितचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. त्याचे पणजोबा म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते; हा बापडा आता स्क्रू पिळतो. सत्यनारायण दुपारी तिथे जाऊन बसत. झाकण उघडायला लावत, हे काय, ते कशाला, यातला पंखा कोणाला वारा घालतो, सगळं विचारून घेत. रक्षित सरळ माणूस. त्यानं सांगून टाकलं की मेमरीचे भाव चढलेत, उतरतील की आणखी चढतील ते कोणी छातीठोक सांगू शकत नाही. काही महिन्यांत नवी चिप येईल म्हणतात, आणि ती आली की लोक तिच्या पुढचीबद्दल बोलायला लागतील. दुसरा कोणी हे ऐकून कॉम्प्युटर घेऊन गेला असता. सत्यनारायणांना मात्र त्या पुढच्या चिपबद्दल उत्सुकता लागली.

"नोडोण," ते म्हणत. बघू या. उगादीला, म्हणजे पाडव्याला, ऐकलं की दसऱ्यापर्यंत काहीतरी चांगलं येतंय. दसरा आला. आयुधपूजेला कात्री, टेप आणि शिलाई मशीनच्या शेजारी जुन्याच कॉम्प्युटरला हळद-कुंकू लागलं. एकदाच घ्यायचा तर पुढची दहा वर्षं पुरेल असा घेऊ, असं त्यांनी घरात सगळ्यांना समजावलं होतं.

घरात त्यांची थोरली बहीण अंबूताई होती. एका दुपारी हुक लावता लावता तिनं सांगितलं की काव्या सोमवारपासून हिनकलच्या एका ऑफिसात फोन घ्यायच्या नोकरीला लागतेय. नाचाचे पोशाख करणाऱ्या बेंगळुरूच्या एका बाईंनी तिला काम दिलं होतं. जुन्या कॉम्प्युटरपायी ते वेळेत झालं नाही, बाईंनी दुसऱ्याला दिलं. कपडे बेतणं आता बास, असं पोरीनं ठरवलंय.

"मला का नाही सांगितलं?"

"तू रोज एवढ्या हौसेनं चौकशी करून येतोस. तुझा हिरमोड कशाला, म्हणाली."

 संध्याकाळी सत्यनारायणांनी काव्याला विचारलं, तेव्हा ती शिवून झालेल्या शर्टांच्या घड्या घालत होती. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

"अप्पा, माझा पहिला युनिफॉर्म तुम्हीच शिवला होता. मला बसायला लागला तेव्हा त्याचा रंग उडाला होता. मला आज बसेल असं काहीतरी पाहिजे होतं. अष्टे."

एवढंच, म्हणून ती घड्या घालत राहिली. ते रात्रभर तळमळले. चौकशीची मजा त्यांनी लुटली होती आणि तिची किंमत म्हणून लेकीच्या हातचं काम गेलं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

सकाळी दुकान उघडण्याआधीच ते काव्याला घेऊन रक्षितकडे गेले. आणि नेमकं त्याच दिवशी रक्षित म्हणाला की पंधरा दिवस थांबलात तर नवा माल येईल.

"आज आहे ते दे," सत्यनारायण म्हणाले. "हिच्या कामाला पुरेल एवढं. काय ते हीच सांगेल."

मग ते स्टुलावर बसून राहिले. एकही प्रश्न नाही. सत्यनारायणमामांची तब्येत बरी आहे ना, असं रक्षितनं काव्याला हळूच विचारलं.

दुपारी कॉम्प्युटर लागला. काव्या म्हणाली, आधी अप्पांचं माप घेते. जन्मभर दुसऱ्यांना टेप लावणाऱ्या माणसाला कोणी कधी टेप लावला नव्हता. ते अवघडून उभे राहिले. तिनं मापं भरली, बटण दाबलं, आणि पापणी लवायच्या आत त्यांच्याच मापाच्या बाहुलीच्या अंगावर शर्ट बसला. मग तिनं बाहुली फिरवली. पाठ पुढे झुकलेली होती, आणि उजवा खांदा चांगलाच खाली.

"हे कुठेतरी चुकलंय."

"नाही अप्पा. मी दोनदा मोजलं."

सत्यनारायण पडद्यावरच्या त्या म्हाताऱ्या पाठीकडे पाहत राहिले. मशीनवर वाकण्यात ती कधी अशी झाली, त्यांना कळलं नव्हतं. आपल्याकडे दहा वर्षांचं माप काढून ठेवण्याइतकी सवड उरलेली नाही, हे मात्र त्यांना त्या क्षणी लख्ख कळलं.

"सोमवारी जाऊ नकोस, काव्या," ते म्हणाले. "मला हे शिकव. आजपासून."

काव्यानं बाजूची खुर्ची ओढून त्यांना बसवलं, आणि हिनकलच्या ऑफिसाला फोन लावला.