जावयाच्या बोअरला दोन फुटांवर पाणी

कॅनडात माझ्या जावयानं बोअर मारला आणि त्याला दोन फुटांवर पाणी लागलं, ही बातमी आमच्या नांदुऱ्यात मीच पसरवली.

माझं बोअरच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. कुठंही भोक दिसलं की मला त्यात मोटारच दिसते (बायकोच्या कुंडीतसुद्धा). त्यात त्या दिवशी घरात धाकट्या मुलीच्या, वैष्णवीच्या लग्नाची बैठक होती. मुलगा तिला मनापासून आवडला होता, मुलालाही ती. उरली होती फक्त वडीलधाऱ्यांची बोलणी, आणि आमच्याकडचा वडीलधारा म्हणजे मी! याआधीची दोन स्थळं माझ्या तोंडामुळे गेली, असं बायको म्हणते. म्हणून तिनं सकाळीच बजावलं होतं, "पाहुणे इचारतीन तेवढंच बोला. आन् तेबी हो नायतर नाही."

संध्याकाळी अमडापूरहून मुलाचे वडील भाऊराव मुलाला घेऊन आले. पोहे झाले, चहा झाला, माझे बरेचसे 'हो' झाले. तेवढ्यात कॅनडातून थोरल्या प्राचीचा व्हिडिओ कॉल आला. तिकडं सकाळ होती. मी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून पाहुण्यांपुढं ठेवला. म्हटलं, पाहू द्या आपला इंजिनियर जावई.

सगळीकडं पांढरंफटक. एवढं पांढरं मी फक्त जिनिंगमधल्या कापसाच्या ढिगात पाहिलेलं. मधोमध जावई, अंगात गादीएवढं जाकीट, हातात भलंमोठं गिरमिट. त्यानं ते गरागरा फिरवलं, खाली भोक पडलं आणि पाणी वर आलं!

"हे काय करून राह्यले जावई?" भाऊरावांनी विचारलं.

याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही'मध्ये बसत नव्हतं.

"बोअर," मी म्हणालो.

"बाबा, तो बोअर नाही..." वैष्णवी दारातून म्हणाली.

"तुले काय समजते त्यातलं? चहा आन."

भाऊराव पुढं सरकले. "कितीवर लागलं पाणी?"

"दोन फुटावर."

भाऊरावांनी कपबशी खाली ठेवली. मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या शेतातल्या प्रत्येक बोअरमधून नुसता फुफाटा निघाला होता. मुलाकडं वळून म्हणाले, "दोन फुटावर! आन् आपन इथं काऊन मरून राह्यलो बे?"

इकडं जावयानं बादली पालथी घातली, तिच्यावर बसला आणि भोकात दोरी सोडली.

"आता?"

"मोटार पडली बोअरात. दोरीले आकडा बांधून काढून राह्यले."

"बोअर तं आत्ताच मारला ना?"

"मोटारीचं काही सांगता येत नाही, भाऊ. माह्या धंद्यात हेच तं पाहून राह्यलो."

प्राचीनं फोनपुढं येऊन ओठांवर बोट ठेवून गप्प राहायची खूण केली. मोटार काढणं नाजूकच काम! मी सगळ्यांना गप्प केलं. मग आम्ही भोकाकडं पाहत बसलो. दोरी हलेना. पुन्हा चहा झाला. जावयाच्या मिशीवर पांढरं जमलं, तरी दोरी हलेना. शेजारचे दोघं डोकावले, त्यांनाही मी दोन फुटांची बातमी दिली. लग्नाची तारीख राहिली, साखरपुडा राहिला, आणि भाऊराव फोनला सांगत होते, "जरा डावीकडं घ्या म्हना." बायको आतून डोळे वटारत होती.

वैष्णवी आणखी एकदा चहा घेऊन आली आणि ट्रे हातात धरूनच म्हणाली, "बाबा, ते मासे धरून राह्यले. खाली जमीन नाही, तळं आहे, वरून गोठलेलं. थंडीत मासा लवकर लागत नाही."

मी हसलो. चांगला खळखळून, पाहुण्यांसमोर. "पोरगी लहान आहे, भाऊ. पान्यावर बादली टाकून कोनी बसते काय?"

तेवढ्यात दोरी ताणली गेली. जावई ताडकन उठला, भराभरा ओढू लागला, आणि भोकातून हातभर लांब मासा बाहेर येऊन तडफडायला लागला.

इथं तरी मी गप्प बसायचं होतं.

"मोटारीले अडकून आला असन," मी म्हणालो.

भाऊरावांनी टोपी डोक्यावर घातली आणि ते उठले. वैष्णवीचे डोळे भरले. तिसरंही स्थळ मीच घालवलं होतं. पोरीकडं पाहायची माझी हिंमत होईना.

भाऊराव म्हणाले, "पोरीनं दोनदा सांगतलं. चार मानसांत बापाले चुकलं म्हनाले जिगर लागते. अशी एक आमच्या घरात पाह्यजेच. मले पसंत आहे." मग हात जोडून माझ्या बायकोकडं वळले. "इहीनबाई, पुढची बोलनी तुमच्यासंग करू." माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, "यायले मधात घेऊ नका."

लग्न थाटात झालं. घरात माझा मान मात्र फार वाढला आहे. हल्ली काहीही ठरवायचं असलं की बायको आणि वैष्णवी सगळ्यात आधी मलाच विचारतात, आणि मग बरोबर त्याच्या उलटं करतात.