दंडावरची पट्टी

डॉक्टरांनी बाबांच्या दंडावर पहिली पट्टी लावली तेव्हा मी तिच्याकडेच बघत होते. टपालाच्या तिकिटापेक्षा थोडी मोठी, पारदर्शक. बाबांचा कर्करोग मणक्यात उतरला होता आणि दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या पोटात टिकत नव्हत्या. ही पट्टी तीन दिवस कातडीतून थोडंथोडं औषध आत सोडत राहील, असं डॉक्टर म्हणाले. रायपूर नव्या राज्याची राजधानी होऊन काही वर्षं झाली होती, तरी ती पट्टी आमच्या माहितीतल्या एकाच दुकानात मिळायची.

चौबे कॉलोनीतल्या घरी पोचल्याबरोबर आई म्हणाली, "दुखते पाठ, अन् चिकटवली दंडाले. काहून?"

"खून में जाती है, आई. खून तो सब जगह जाता है." मराठी कळत असूनही मी घरात हिंदीतच बोलायची.

"हव," बाबा म्हणाले. "आपल्या नळासारखं नाही, का या पाऱ्यात पाणी आलं अन् बाजूच्या मोहल्ल्यात नाही."

पहिली पट्टी जेमतेम दीड दिवस पुरली. दुसरीही तशीच. डॉक्टर फोनवर म्हणाले, पुढच्या वेळी मोठी लावू, पण मग झोप फार येईल. बाबांनी मान हलवली. "मले झोपून नाही राहायचं. झोपायले पुढं लई वेळ आहे." आई उठून स्वयंपाकघरात गेली.

पट्टीच्या डबीत बारीक इंग्रजी अक्षरांचा घडी केलेला कागद असायचा. तो घरात फक्त मी वाचायची, तोही दोनदोनदा. औषध कातडीखालच्या चरबीत साठतं आणि तिथून हळूहळू रक्तात उतरतं, म्हणून सुरुवातीला अर्धा दिवस काही जाणवत नाही. मला हे फार आवडलं. दंडात एक छोटी कोठी भरते आणि मग तिचं दार किलकिलं होतं, असं काहीतरी डोळ्यांसमोर यायचं. त्याच कागदावर होतं: कातडीवर तेल, पावडर, साबण नको.

मग मी लक्ष ठेवलं. आई रोज सकाळी आंघोळीआधी बाबांना तिळाच्या तेलाने मालिश करायची. पट्टी तेवढी सोडून, अगदी तिच्या कडेपर्यंत. दुपारपर्यंत एक कोपरा सुटायचा, त्याला चादरीचे धागे चिकटायचे. आई त्यावर साधी चिकटपट्टी मारायची. वरून सगळं घट्ट दिसे, पण खाली अर्धी पट्टी कातडीला लागतच नव्हती.

कळलं तरी दिवसभर मी बोलले नाही. मालिश करतानाच ते दोघं निवांत बोलायचे. तेवढंच आईच्या हातात उरलं होतं. संध्याकाळी बाबांनी पलंगाची कड बोटं पांढरी पडेपर्यंत धरली. तेव्हा मी कागद आणला आणि मान वर न करता हिंदीत वाचून दाखवला.

"म्हणजे माह्या तेलानं दुखून राहिलं त्याईले?"

"तुह्या तेलानं मी जिता आहो," बाबा म्हणाले. "त्या पट्टीले नाही मानवत, इतकंच. पाय आहेत ना अजून, पाय चोळ."

पुढची पट्टी दुसऱ्या दंडावर लावली. आईने साध्या पाण्याने जागा धुतली, पुसून कोरडी केली आणि पट्टीवर तळवा दाबून धरला. मी तीसपर्यंत मोजलं. "चाळीस मोज," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पट्टीच्या चारही कडा सपाट होत्या. बाबा उशीला टेकून बसले होते आणि वरणात मीठ कमी आहे म्हणून आईशी भांडत होते. मी डॉक्टरांना फोन लावला. मोठी पट्टी नको, हीच पुरते आहे, असं सांगितलं. ते "बढ़िया" म्हणाले आणि फोन ठेवणार, तेवढ्यात मी घाईघाईने विचारलं, "सर, दवा चरबी में जमा होती है. पापा तो दुबले हो रहे हैं. फिर कहाँ जमा होगी?"

ते म्हणाले, "मंगलवार को वज़न करके लाइए उनको. हर हफ़्ते देखेंगे."

मी कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वार लिहिला आणि वजनकाटा शेजारी कोणाकडे आहे ते आईला विचारायला गेले.