सुनेनं दिलेले जंतू

देवरावजी तिसऱ्यांदा ॲडमिट झाले, तेव्हा त्यांना उठून बसायलाही आधार लागत होता. खापरखेड्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेला धिप्पाड माणूस, पण आता गालफडं बसली होती. दिवसभर पातळ जुलाब चालू. किडनीचे रिपोर्ट बिघडू लागले होते.

मी नागपुरात पोटविकारांची डॉक्टर आहे. या दुखण्याची सुरुवात साधी होती. खोकल्यासाठी त्यांनी मेडिकलमधून अँटिबायोटिक आणलं. एक संपलं की दुसरं. आपल्या आतड्यात असंख्य जीवाणू राहतात. ते अन्न पचवायला मदत करतात, प्रतिकारशक्तीला वळण लावतात आणि वाईट जंतूंना पसरू देत नाहीत. औषधांनी तेच मेले. मोकळ्या जागेत सी-डिफ नावाचा जंतू माजला. आमच्या औषधानं तो दबायचा आणि औषध थांबलं की पुन्हा डोकं वर काढायचा.

आता एक उपाय उरला होता. निरोगी माणसाची विष्ठा तपासून घ्यायची, तिचं द्रावण गाळायचं आणि दुर्बिणीतून रुग्णाच्या मोठ्या आतड्यात सोडायचं. म्हणजे चांगल्या जीवाणूंची वस्ती पुन्हा बसते.

आमचे डायरेक्टर म्हणाले, "मॅडम, नातेवाईक ऐकून घेतील?"

"किडनी गेल्यावर तेच विचारतील सर, आधी का नाही सांगितलं म्हणून."

मुलगा तयार होता, पण त्यानं नुकताच दाढेसाठी अँटिबायोटिकचा कोर्स केला होता. म्हणजे तो बाद. देवरावजींच्या बायकोलाही आतड्याचा जुना त्रास. राहिली सून प्रीती, कळमेश्वरच्या एका कंपनीत सुपरवायझर. तिच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या. रिपोर्ट ऐकून ती रडायलाच लागली.

"मॅडम, सासऱ्याले असं द्यायचं? मले पाप लागंन."

मुलगा हळूच म्हणाला, "बाबाले सांगूच नका न, कोणाचं आहे ते."

"ते विचारतीलच. आणि मी खोटं बोलणार नाही," मी म्हणाले.

त्यांनी विचारलंच. मी सांगितलं. देवरावजींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "त्याच्यापेक्षा मरू द्या मले."

संध्याकाळी राउंडला गेले, तर त्यांनी सुनेला जवळ बोलावलं होतं. मी दारातच थांबले.

"प्रीती, तू घरात आली तेव्हापासून मी मागतच आलो. चहा माग, पाणी माग, गोळ्या माग. पण हे कसं मागू वं?"

ती म्हणाली, "मागू नका न बाबा. मी देऊन राहिली."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "करा मग, मॅडम."

आठवड्याभरात जुलाब थांबले. सकाळी शौचाला घट्ट झाली, हे प्रीतीनं मला फोन करून सांगितलं. पोराचा दहावीचा निकाल सांगावा, तशा आवाजात.

हा उपाय सगळ्यांना लागू पडत नाही. घरी तर तो कधीच करू नये. पण तेव्हापासून एक झालं. साध्या सर्दीला कोणी "काहीतरी स्ट्राँग लिहून द्या" म्हणालं की मी पेन खाली ठेवते. अँटिबायोटिक लिहायला अर्धं मिनिट लागतं. ते का लिहीत नाही, हे समजावताना मात्र अख्खी ओपीडी खोळंबते. खोळंबू द्यावी.