प्रोफेसरांनी माईला न सांगितलेली गोष्ट

फोन आला तेव्हा मी पेज ढवळत होते. इस्पितळातून विद्यापीठातल्या कोणी बाई बोलत होत्या. "प्रोफेसर ग्लेब गेले," एवढं म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि पेज ढवळत राहिले, नाहीतर ती खाली लागली असती. आता महिना उलटून गेलाय. पुरवणीच्या संपादकांनी गळ घातली, ते तुमच्याच घरात इतकी वर्षं राहिले, तुम्ही लिहायलाच हवं. मी म्हटलं, मी लिहिलं तर तुम्हाला आवडायचं नाही. ते हसले. बाई विनयाने बोलतायत असं त्यांना वाटलं असणार.

शोकसभेला मी गेले होते. तिथे कळलं ते असं की प्रोफेसर देवमाणूस होते. व्होल्गाकाठच्या एका लहानशा गावात जन्मले, लेनिनग्राडला शिकले, मध्य आशियाच्या वाळवंटात उन्हातान्हात वाळवीमागे हिंडले. वाळवीच्या काही जाती जगाला त्यांच्यामुळे ठाऊक झाल्या, जाडजूड ग्रंथ झाले, एका मोठ्या संस्थेत विभागप्रमुखपद मिळालं. हे सगळं खरं आहे. गोवा मुक्त होऊन बराच काळ लोटला होता तेव्हा ते पाहुणे म्हणून पहिल्यांदा इथे आले, आणि पुढे सोव्हिएत संघ फुटला, संस्थेचे दिवस फिरले, तेव्हा एक पेटी घेऊन कायमचेच आले. विद्यापीठात शिकवायचे आणि बसने डिचोलीला जायचे. सुर्ल्याला खाणीवर उपसून टाकलेल्या मातीच्या ढिगात वाळवी परत कधी येते, हे बघायचं त्यांचं काम. त्या मेलेल्या मातीपाशी हा माणूस वर्षानुवर्षं धीराने बसला, असं एका वक्त्याने गहिवरून सांगितलं. मी मागच्या रांगेत बसून दात आवळले. मातीच्या ढिगाला वर्षं दिली, आणि माझ्या आईला...

पेडण्यात आमचं घर त्यांनी निवडलं ते आमच्या रोयणीसाठी. वाळवीचं वारूळ म्हणजे आमच्याकडे रोयण, आणि रोयण म्हणजे साक्षात सातेरी देवी. घरात रोयण उगवली की ती खोली देवीची. तिथे कोणी झोपत नाही, सामान ठेवत नाही, रोयण पाडायचं तर कोणाच्या मनातही येत नाही. आमच्या मधल्या खोलीत माई, म्हणजे माझी आई, लग्न होऊन आली तेव्हा रोयण गुडघ्याएवढी होती म्हणे. मी शाळेत शिकवायला लागले तोवर माझ्या खांद्याला आली. ती वाढते म्हणजे घर नांदतं, हा माईचा हिशोब. रोज न्हाऊन ओल्या केसांनी ती आत जायची, फुलं घालायची आणि घरातल्या सगळ्या बातम्या देवीला सांगायची. माझं लग्न मोडल्याची बातमी बाबांच्या आधी सातेरीला कळली होती.

प्रोफेसरांना बाजूची खोली दिली. माणूस नेमस्त, हे मान्य करते. पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, उंडे घ्यायचे, काळा चहा प्यायचे, पाइप ओढायचे आणि पुस्तकी मराठीत बोलायचे. देवीच्या खोलीत जायची त्यांना परवानगी नव्हती. ते उंबऱ्यावर बसून रोयणीकडे टक लावून बघत, आणि माई त्यांना बघू देई. "वाळवेच्या पाठीसून इतक्या लांब इलो बापडो. सातेरीनच हाडलो तेका," देवीनेच त्याला आणलं असं ती शेजारणींना कौतुकाने सांगायची. तिला त्यांचा लळाच लागला होता. मला नाही. समोरच्या माणसाकडेही ते भिंगातून बघितल्यासारखे बघत, ते मला पहिल्यापासून खुपायचं.

मग एका वर्षी रोयण वाढायची थांबली. पावसाळा गेला, दिवाळी गेली, नव्या मातीचा पत्ता नाही. माईचं जेवण कमी झालं. काय चुकलं, कोणाचं चुकलं, एवढाच तिला ध्यास. शेवटी तिने प्रोफेसरांनाच विचारलं. चहा त्यांच्या हातात देत म्हणाली, "अरे, सगळ्या दुनियेची वाळय बघितलंस मा तू? मगे माका सांग, ही वाडना कित्याक?"

पुढे काय झालं ते मी समोर उभी राहून बघितलंय. प्रोफेसर उठले, एक बारीक लोखंडी सळई घेऊन अंगणात गेले, बाहेरून मातीच्या भिंतीला भोक पाडून ती रोयणीत घातली, बाहेर काढली, टोकावरची माती बोटांत चुरून हुंगली. चहा निवायच्या आत परत आले. आणि वर्गात सांगावं तसं सांगितलं, "माई, ही वसाहत मृत आहे. आत कोणीही नाही."

माईने देवीच्या खोलीकडे बघितलं. मग म्हणाली, "मगे मी फुलां कोणाक घालतंय?"

 प्रोफेसरांनी चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि खोलीत गेले.

त्या दिवसापासून माईने देवीची खोली सोडली. काही महिन्यांनी मला म्हणाली, "नारळ ठेव गो त्या कुडींत, आता कोण आसा थंय?" मी ठेवले नाहीत. तिने स्वतःच नेऊन रचले. जत्रेला जायचं बंद झालं, शेजारणींत बसणं बंद झालं. बातम्या सांगायला कोणी उरलं नाही म्हणून की काय, तिने बोलणंच आवरतं घेतलं. आणखी काही वर्षं जगली, पण घरात पाहुणी आल्यासारखी. शेवटच्या आजारात मी वाट बघत होते, एकदा तरी म्हणेल, तिथे दिवा लाव. तसं ती म्हणाली नाही. तिला अंगणातून नेलं तेव्हा प्रोफेसर पोफळीला टेकून हुंदके देऊन रडले. तेव्हा माझा राग थोडा निवला होता. खरं बोलला बिचारा, शास्त्राचा माणूस, त्याला गोड खोटं कुठून जमणार... असं मीच मला समजावलं होतं. ते समजावणं आज मी परत घेते.

कारण शोकसभेनंतरच्या रविवारी त्यांची एक विद्यार्थिनी पुस्तकं न्यायला आली. माई गेली त्याच्याही आधीपासून प्रोफेसर खोलीला कुलूप लावत आणि स्वतः व्हरांड्यात झोपत. आत उकडतं म्हणून, असा आमचा समज. आम्ही दार उघडलं. खाट नव्हती, ती मोडून कोपऱ्यात उभी केलेली. देवीच्या खोलीच्या भिंतीलगतच्या लाद्या नीट काढून एकावर एक रचल्या होत्या, आणि उघड्या जमिनीतून माझ्या मांडीएवढी रोयण वर आली होती. वरची माती ओली, ताजी.

मुलगी हरखली. म्हणाली, "म्हणजे हीच ती! सर आम्हाला वर्गात नेहमी सांगायचे, 'एका भोकावरून वसाहत मेली असं कधी म्हणू नका. माझ्या हातून एकदा ती चूक झाली. मी जुन्या, टाकलेल्या भागात सळई घातली, आणि वसाहत भिंतीखालून शेजारच्या खोलीत सरकत होती.'"

"कधीपासून सांगत होते?" मी विचारलं.

"आमच्या आधीच्या मुलांनाही सांगायचे," ती म्हणाली.

एवढी रोयण काही एका पावसात उगवत नाही. लाद्यांखालून पहिली माती वर आली तेव्हा माई याच घरात जिवंत होती, ओसरीवर सुपारी कातरत बसलेली असायची. चूक कोणाचीही होते, त्याबद्दल माझं भांडण नाही. पण आपली चूक या माणसाने वर्गावर्गांत सांगितली, तिच्यातून धडे काढले, पोरांकडून नम्रपणाची वाहवा घेतली, आणि जिला सांगायची तिला सांगितली नाही. लाजेपोटी असेल. असू दे. वाळवीला वर यायला अडचण नको म्हणून त्याने स्वतःची खाट मोडली, इतकी माया त्याच्यात होती. खोलीबाहेर येऊन माईशी एक वाक्य बोलायला ती पुरली नाही. संपादकांनी हे वाक्य गाळलं तर लेख छापू नये.

खोलीत पाइपच्या तंबाखूचा वास अजून आहे. जनेल उघडं ठेवलं तरी जात नाही. मी रोज न्हाऊन तिथे जाते. त्या वासाने माझ्या कपाळाची शीर उठते, आणि तशीच मी खाली बसते, फुलं घालते आणि त्याने माईला सांगायचं होतं ते मोठ्याने सांगते, "भितर आसा गो माई. खंयच गेल्ली ना."