फॉलनच्या कपाळावरचा ठिपका

आमच्या ज्ञानेश वानखडेला इथल्या, आयर्लंडमधल्या गॉलवेतल्या, त्याच्या शेजाऱ्याचं नाव विचारा, सांगता यायचं नाही. सहा वर्षं भिंतीला भिंत आहे, तरी तो त्याला अजून 'युअर मॅन', म्हणजे इथल्या बोलीत 'तो अमका', असंच म्हणतो. पण शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत बेसबॉलचा एखादा सामना खेळून कायमचा घरी बसलेला कुठलाही माणूस घ्या. ज्ञानेश त्याची जन्मतारीख, उंची आणि पुढे तो कुठल्या गावात दुकान चालवायचा, हे सगळं घडाघडा सांगेल. स्वतः मात्र या गड्याने बेसबॉलचा एकही सामना शेवटपर्यंत पाहिलेला नाही. झोप येते म्हणतो.

त्याला नाद आहे तो जुन्या बेसबॉल कार्डांचा. पूर्वी तिकडे सिगारेटच्या पाकिटात खेळाडूंची चित्रं छापलेली छोटी पुठ्ठ्याची कार्डं मिळायची, ती. त्यातही नावाजलेले खेळाडू याला चालत नाहीत, ते काय कोणीही जमवतं! याला कोणाच्या गावीही नसलेले लागतात. आयर्लंडच्या दमट घरात कोरडी जागा म्हणजे हॉट प्रेस, गरम पाण्याच्या टाकीभोवतीचं कपाट. तिथले टॉवेल बाहेर काढून ज्ञानेशने कार्डं आत ठेवली. त्याची बायको चित्रा वर्षभर ओलसर टॉवेलने अंग पुसते आहे आणि हातमोजे घातल्याशिवाय तिला त्या कपाटाला हात लावायची परवानगी नाही.

ज्ञानेश आणि मी एकाच कारखान्यात, हृदयात घालायच्या नळ्यांच्या क्वालिटी विभागात. लेबल एक मिलिमीटर तिरकं लागलं तरी हा तीन पानी अहवाल लिहितो. तरी बढती त्याला तीनदा हुकली. पण २०२० च्या ऑक्टोबरात तो जरा हवेत होता. मार्टिन फॉलन नावाच्या खेळाडूचं १९११ सालचं कार्ड त्याला मिळालं होतं. हा फॉलन मूळचा आपल्या गॉलवेजवळच्या आथनरायचा. अमेरिकेत एकच सामना खेळला आणि त्यातही चेंडू एकदासुद्धा त्याच्याकडे आला नाही. कार्ड जमवणाऱ्यांच्या अमेरिकन क्लबची बैठक पंचवीस तारखेला झूमवर होती. तिथे फॉलन पसंत पडला की क्लबच्या सूचीत ज्ञानेशचं नाव छापून येणार होतं. आयुष्यात एकदा कुठेतरी आपलं नाव छापून यावं, एवढंच त्या बिचाऱ्याला हवं होतं.

पंचवीस तारखेला दसरा होता. ज्ञानेशची आई, संध्याकाकू, अमरावतीहून फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आल्या आणि विमानं बंद पडल्यामुळे इथेच अडकल्या. सकाळी त्यांनी पाट मांडला आणि त्यावर लॅपटॉप, गाडीची किल्ली, मिक्सर असं सगळं ओळीने ठेवून पूजा केली. संध्याकाळसाठी टेबलावर काढून ठेवलेला फॉलनही त्यांनी पाटावर घेतला. कार्डाच्या प्लॅस्टिकच्या डबीला कुंकू लावून फॉलनला काय कळणार, म्हणून त्याला डबीतून बाहेर काढला. मग कुंकू पाण्यात कालवून अनामिकेने त्याच्या कपाळावर, टोपीच्या बरोबर खाली, एक गोल ठिपका लावला.

ज्ञानेशने मला व्हिडिओ कॉल लावला तेव्हा तो रडवेला झाला होता. लॉकडाऊनमुळे कोणाकडे जायची सोय नव्हती, म्हणून मी स्क्रीनवरूनच सगळं पाहिलं.

"एकशे नऊ वर्षं डाग लागला नव्हता गं त्याला! एकच मॅच खेळलेला माणूस, आणि तू त्याचं पार वाटोळं केलंस!"

"एकच खेळला म्हणूनच लावलं ना बापा," काकू म्हणाल्या. "मीबी एकच खेळली. खो-खोची, जिल्ह्याकडून. पूरा डाव बसूनच होती, मले कोणी खोच दिला नाही. मंग लग्न झालं. याले पाहून मले माह्यं आठवलं."

 फॉलनचं वजन ज्ञानेशला पौंडांत पाठ होतं, पण आई कधी काही खेळली होती हे तो आज ऐकत होता. मला त्याचा राग आला. मग माझी आई काय खेळायची, हे मलाही माहीत नाही, हे लक्षात आलं आणि तो राग तिथेच विरला.

संध्याकाळी त्याने आग्रह केला म्हणून मीही बैठकीला बसलो. ज्ञानेशने कार्ड कॅमेऱ्यासमोर धरलं.  तसे क्लबचे म्हातारे अध्यक्ष खुर्चीतून अर्धे उठले.

"लाल ठिपका! छपाईतला दोष आहे का हा? असा नमुना पहिल्यांदाच पाहतोय!"

एका मिलिमीटरसाठी तीन पानं लिहिणाऱ्या माणसाने इथे एक ओळ बोलायची होती: हे माझ्या आईचं कुंकू आहे. ज्ञानेशने कार्ड कॅमेऱ्याच्या आणखी जवळ नेलं. "हो," तो इंग्रजीत म्हणाला, "छपाईतलाच दोष असावा."

छपाईत चुकलेलं कार्ड या मंडळींना जास्तच मोलाचं, त्यामुळे टाळ्या पडल्या. बैठक संपली आणि स्क्रीनवर आम्ही दोघेच उरलो. काकू श्रीखंडाची वाटी घेऊन आल्या.

"हासत होते ना रे सारे? कुंकू कोनं लावलं, सांगतलं काय?"

"सांगितलं, आई."

"नाव?"

"नाव पण सांगितलं."

"माहेरचं सांगतलं असतं तर बरं झालं असतं," काकू म्हणाल्या. "मॅच तं बोंड्यायच्या संध्यानं खेळली होती."

त्या स्क्रीनकडे वळल्या आणि माझ्याकडे पाहून हसल्या. मीही हसून मान हलवली. खोटं बोलण्यात मी त्याच्या मागे राहिलो नाही.

२०२१ च्या वसंतात सूची छापून आली. फॉलनचं चित्र मोठं होतं आणि त्याखाली इंग्रजीत लिहिलं होतं: लाल ठिपका, छपाईतला दोष, कारण अज्ञात, सौजन्य, ज्ञानेश वानखडे, गॉलवे. विमानं सुरू झाल्यावर काकू ते पान कापून अमरावतीला घेऊन गेल्या. तिथे त्यांनी ते चौकटीत बसवून बैठकीच्या खोलीत लावलं आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या सांगतात, यात माझं नाव आहे, इंग्रजीत.

काकूंना इंग्रजी वाचता येत नाही. पण अमरावतीत इंग्रजी वाचणारे पुष्कळ आहेत, हे ज्ञानेशच्या लक्षात नव्हतं. आता तो आईला रोज फोन करतो आणि आधी विचारतो, आज घरी कोण येऊन गेलं.